रासबेरीच्या बुडाशी

सप्टेंबरात मर्डो मॅकफी काहीतरी घेऊन आला,
जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं.
उलगडलं, तर रासबेरीचं बूड, आणि बुडाशी
मुठीएवढी काळपट, खरबरीत गाठ.
"हा तुमच्यातलाच ना?"
जणू माझा कुणी चुलतभाऊ
पिऊन त्याच्या वाफ्यात पडलाय.

आमच्यातलाच. होय.
इथे कोपऱ्यात, अठ्ठावीस अंशांवर,
रात्रभर चंबूत घुसळला जातो,
सकाळी ताकाच्या निवळीसारखा गढूळ.
नाव घ्यायचं तर जिभेला चार वळसे,
म्हणून मी नुसतं 'हा' म्हणते,
जुन्या बायका नवऱ्याला म्हणत तसं.

मातीत तो आंधळाच. कळतो त्याला फक्त वास:
कुठे फावडं लागलं, कुठे हिवानं खोड उकललं,
जखमी झाड जे काही पाझरतं, त्याचा.
माणूस जखम झाकतो.
झाडाला झाकता येत नाही, आणि हा येतो.
येतो, आणि आपलं चार ओळींचं म्हणणं
झाडाच्या पोथीत शिवून ठेवतो:
रांध, माझ्यापुरतं. वाढ.
(दोन्ही अर्थांनी वाढ.)
थांबू नकोस.
झाड ते स्वतःचंच अक्षर समजून वाचतं.

आम्ही त्या चार ओळी खोडल्या,
शिवणकाम तेवढं ठेवलं.
ओळी घातल्या दुसऱ्या, कुठल्याशा डोंगरातल्या
कडवट रानबटाट्याच्या,
ज्याला करपा शिवत नाही.
मग पानांच्या चकत्या, टिकलीएवढ्या,
माझ्या हातांनी, धारदार पात्यानं,
कारण जखमेशिवाय दार नाही.
दोन दिवस अंधारात त्याची नि पानाची गाठ घालून द्यायची
आणि तिसऱ्या दिवशी त्यालाच औषध घालायचं.
निरोप पोचला.
आता निरोप्याला निरोप.

हे सगळं मर्डोला सांगताना माझं इंग्रजी अडलं नाही.
अडलं पुढे.
म्हटलं, आमच्या भाषेत ह्याला गाठ म्हणतात,
आणि दोन माणसं भेटली तरी गाठच पडते.
"गाट," तो म्हणाला. ठ त्याला येईना.
मग म्हणाला, एफीलाही सापडली,
मागच्या मार्चात, काखेत, आंघोळ करताना.
ती पण भेटच म्हणायची का?

खिडकीबाहेर टे नदीला ओहोटी होती.
डंडीच्या पुलाखाली चिखल चकाकत होता,
एक पक्षी लांब चोचीनं काहीतरी शोधत होता.
तुमचा हा माणसांना करतो का,
असं त्यानं विचारलं नव्हतं. तरी मी सांगितलं:
नाही. हा फक्त झाडांचा.
"ठाऊक आहे," तो म्हणाला. "मी माळी आहे."

नोव्हेंबरात दोनशे चकत्यांपैकी एकशे त्र्याण्णव
पांढऱ्या पडल्या, भिजलेल्या कागदासारख्या.
उरलेल्या सातांच्या कडेला हिरवे ठिपके,
मोहरीएवढे.
वसंतात मर्डोच्या काचघरात सात कुंड्या.
करपा सोडला त्यांच्यावर. तीन तगल्या.
एका रविवारी तो नुसताच
त्या तिघींसमोर स्टूल टाकून बसलेला दिसला.
मी हाक मारली नाही.

शेतात लावायची इथे परवानगी नाही.
फोटो काढले, आकडे मांडले,
कंद, पाला, माती, सगळं पिशव्यांत भरलं,
तोंडाला गाठ मारली
आणि ऑटोक्लेव्हचं दार लावलं.

साडेचारला उघडलं तर
सगळ्या मजल्यावर उकडलेल्या बटाट्याचा वास.
मला चतुर्थीसारखी भूक लागली.
मर्डो दारात, टोपी हातात.
"मीठ आणलंस का?"
हसलो दोघं, नको तितकं हसलो.
मग टोपी फिरवत तो म्हणाला,
"आणि ती माझी गाट? फेकलीस?"

नाही. फडताळात आहे.
वाळलीय. लिंबाएवढी झालीय.
"एवढी?" त्यानं बोटांनी माप दाखवलं.
मी त्याची बोटं आणखी थोडी जवळ आणली.